मार्च लागला की एलला थिनरचा वास का येतो

डिसेंबरात केलेली एल, म्हणजे एक प्रकारची बिअर, झकास उतरते. तीच कृती, तेच माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), तेच यीस्टचं पाकीट, तीच बादली घेऊन मार्चअखेरीस पुन्हा घाट घातला की बाटली उघडताच नेलपॉलिश पुसायच्या द्रवाचा वास येतो. घोट घशाखाली जळजळत उतरतो आणि एका ग्लासात कपाळ ठणकायला लागतं. पाऊस स्थिरावल्यावर जरा बरं, ऑक्टोबरात पुन्हा तेच. किनारपट्टीवर एल करून पाहणाऱ्या बहुतेकांनी हे चक्र भोगलंय. त्यातले निम्मे लोक दुसऱ्या-तिसऱ्या खराब घाण्यानंतर सगळं सामान माळ्यावर टाकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण दोष त्यांच्या हाताचा नसतो आणि तो दुरुस्त होण्यासारखा असतो.

मी गोव्यात पेडणे तालुक्यात एका छोट्या परवानाधारक ब्रुअरीत काम करतो. नवी बिअर मोठ्या टाकीत घालायच्या आधी तिचा २० लिटरचा नमुना करायचा, हे काम माझ्याकडे आहे. मोठ्या टाक्यांना थंड पाण्याचं जाकीट आहे, पण नमुना आवारातल्या जुन्या चिऱ्याच्या घरात होतो: साधी प्लास्टिकची बादली, वर एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी तोटी), बाकी काही नाही. म्हणून घरी करणाऱ्याला जे जे नडतं ते सगळं मलाही नडलंय. कायद्याचं मात्र आधीच सांगतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, मग ते घरच्यापुरतं का असेना. गोव्यात अबकारी खातं वेगळं, नियम वेगळे. आपल्या ठिकाणी काय चालतं याची चौकशी करा आणि मगच शेगडी पेटवा.

तीन घाणे वाया गेले तेव्हा

पहिला घाणा बिघडला तेव्हा मी पाण्याला दोष दिला. विहिरीचं पाणी सोडलं आणि विकतचे जार आणले. दुसरा बिघडला तेव्हा स्वच्छतेवर संशय घेतला: नवी बादली, नव्या नळ्या, जंतुनाशक दुप्पट वेळ. तिसऱ्या वेळी हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेलीची फुलं, बदलले. तिन्ही वेळा वहीत मी नीटनेटकं लिहून ठेवलं होतं, ‘तापमान २९’. तो आकडा भिंतीवरच्या तापमापकाचा होता.

चौथ्या घाण्याच्या दुसऱ्या रात्री वीज गेली. पंखा थांबला म्हणून जाग आली आणि टॉर्च घेऊन खोलीत गेलो. अंधारात एअरलॉकचा आवाज भाताला आधण आल्यासारखा येत होता, बुडबुडे सुटे मोजता येत नव्हते. बादलीला तळहात लावला तर ती कोमट लागली, पेजेचा टोप उतरवून तासभर झाल्यावर लागतो तशी. स्टीलचा तापमापक जंतुनाशकात बुडवून आत सोडला. काटा ३४ च्या पुढे गेला. भिंतीवर २९ च होते.

सगळा घोटाळा या पाच अंशांत होता. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता बाहेर पडते. हायड्रोमीटरवर (हा पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता दाखवतो, साखर संपते तसा आकडा उतरतो) १.०४८ वर सुरू होऊन १.०१० वर थांबणारी साधी एल घ्या. तिच्यात यीस्ट दर लिटरमागे सुमारे ८० ग्रॅम साखर संपवतं. त्यातून निघालेली उष्णता जराही बाहेर गेली नाही, तर ती बिअर आपल्या आपण अकरा-बारा अंशांनी तापेल. बादलीच्या भिंतीतून बरीचशी निघून जाते म्हणून प्रत्यक्षात तीन ते पाच अंशांवर भागतं. पण ही वाढ खोलीच्या तापमानावर चढते आणि नेमकी पहिल्या दोन दिवसांत, म्हणजे चव ठरते त्याच वेळी, चढते.

यीस्टला काय आवडतं आणि आपल्याला काय

इथं एक गैरसमज फार खोल रुजलाय. माडाची सूर पहाटे गोड असते आणि दुपारपर्यंत चढते, हे इथं प्रत्येकाने पाहिलंय. म्हणजे यीस्टला आपली हवा मानवते, मग बिअरलाच काय होतं, असं लोक विचारतात. यीस्टला आपली हवा खरंच मानवते. साधं एल यीस्टसुद्धा ३० अंशांवर आनंदाने वाढतं, २० वर वाढतं त्यापेक्षा कितीतरी वेगाने. पण त्या धावपळीत ते जे मागे टाकतं ते आपल्याला मानवत नाही. सूर त्याच दिवशी संपते, तिच्याकडून कोणी तीन आठवड्यांनी नितळ चवीची अपेक्षा करत नाही. एलकडून आपण ती करतो.

माझी मावशी आंबोळ्यांचं पीठ घालते तेव्हा हेच सांगते, “उन्हाळ्यात पीठ बेगीन येता, म्हणान मी उशिरान वाटतंय.” पीठ जास्त आलं तर आंबट होतं हे तिच्या हाताला माहीत आहे, म्हणून ती ऋतूप्रमाणे वेळ बदलते. एलमध्ये वेळ बदलून भागत नाही, कारण बिघाड अगदी सुरुवातीला होतो.

काय होतं ते थोडक्यात सांगतो. यीस्ट वाढताना अमिनो आम्लं वापरतं आणि त्यांचा उरलेला सांगाडा अल्कोहोलच्या रूपाने बाहेर टाकतं. ही आपल्या नेहमीच्या अल्कोहोलपेक्षा जड अल्कोहोलं. ती अमिनो आम्लांतून येतात हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स एर्लिश यांनी १९०७ मध्ये मांडलं. घशातली जळजळ त्यांची. वाढ जितकी घाईची आणि उष्ण तितकी ती जास्त. त्यांच्याच जोडीला एस्टरं, म्हणजे फळांसारख्या वासाची संयुगं, येतात: आयसोअमिल अॅसिटेट थोडं असेल तर पिकल्या केळ्याचा वास येतो, तो गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये मुद्दाम आणतात. इथाइल अॅसिटेट वाढलं की थिनर. एस्टरांचा जोर ठेवणीत थोडा उतरतो. जड अल्कोहोलं महिनोन्‌महिने ठेवूनही जात नाहीत. ‘मुरली की सुधारेल’ या आशेवर मी एक घाणा ऑगस्टपर्यंत ठेवला होता. तो सुधारला नाही.

म्हणून पहिले तीन दिवस बिअरचं स्वतःचं तापमान पाहायचं, खोलीचं नाही. प्रोब (तापमापकाच्या वायरच्या टोकाचा सेन्सर) असेल तर बादलीच्या बाहेरून, आतल्या द्रवाच्या पातळीखाली, चिकटपट्टीने लावा आणि त्यावर स्पंजचा जाड तुकडा दाबून बसवा, म्हणजे तो हवेचं तापमान घेणार नाही. अशा लावलेल्या प्रोबचा आकडा आतल्या आकड्याच्या अर्ध्या-एक अंशात येतो, मी दोन्ही ताडून पाहिलेत. बादलीवर चिकटवायची रंग बदलणारी पट्टीही चालते, भिंतीवरच्या तापमापकापेक्षा शंभर पटीने बरी.

ओला पंचा इथं का चालत नाही

परदेशी पुस्तकांत आणि देशावरच्या मित्रांकडून हमखास मिळणारा सल्ला म्हणजे बादलीला ओला पंचा गुंडाळा, टोक पाण्यात सोडा, पंखा लावा. पुण्यात एप्रिलमध्ये हा उपाय खरोखर चालतो. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान २१ च्या आसपास उतरू शकतं. आपल्याकडे मे महिन्यात हवा ३३ आणि आर्द्रता ७० टक्के. तिथं तेच फडकं २८ च्या खाली जाऊच शकत नाही, पंखा कितीही मोठा लावा. हवेत आधीच इतकी वाफ आहे की फडक्यातलं पाणी उडायला जागाच नाही. दोरीवरचे कपडे पावसाळ्यात चार दिवस दमट राहतात, तीच ही गोष्ट.

रात्रीचाही भरवसा धरू नका. देशावर दिवसा ३८ आणि पहाटे २२ होतं, त्यामुळे सरासरी सावरते. समुद्राकाठी मे महिन्यात दुपारी ३३ आणि पहाटे २७. चिऱ्याच्या घराचं माजघर दुपारी थंड वाटतं, पण माझ्या वहीत त्याचा मे महिन्यातला आकडा २८-२९ आहे, आणि भिंतींनी दिवसभर शोषलेली ऊब रात्री परत येते. पडवीपेक्षा ते बरं, एवढंच.

डिसेंबर-जानेवारीत मात्र हवा कोरडी असते, पहाट १९-२० पर्यंत उतरते, आणि घमेल्यात पाणी घालून त्यात बादली ठेवली तरी बिअर २१-२२ वर राहते. तेव्हाची एल चांगली का झाली याचं उत्तर एवढंच होतं. हात तोच होता, हवा वेगळी होती.

यीस्ट टाकताना वर्ट किती गरम होतं?

या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांकडे नसतं, आणि माझ्या मते निम्मा बिघाड इथंच असतो. उकळलेलं वर्ट, म्हणजे यीस्ट टाकण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, तांब्याच्या गुंडाळीतून विहिरीचं पाणी खेळवून गार करतात. विहिरीचं पाणी वर्षभर २७-२८ असतं, गच्चीवरच्या टाकीचं दुपारी ३५ च्या वर. २८ च्या पाण्याने वर्ट ३२-३३ पर्यंत येतं आणि तिथं अडतं. अर्धा तास पाणी वाहून गेल्यावर कंटाळा येतो, ‘हाताला गार लागतंय’ म्हणून यीस्ट टाकलं जातं. हाताला ३३ गारच लागणार, अंगच ३७ चं आहे.

३३ वरून यीस्ट सुरू झालं की मागाहून बर्फ लावून फारसा उपयोग नाही. म्हणून शेवटचे पंधरा अंश बर्फाने उतरवायचे. २० लिटर वर्ट ३३ वरून १८ वर आणायला हिशेबाने तीन किलो बर्फ पुरतो, प्रत्यक्षात पाच लागतो, कारण भांडं आणि हवा आपला वाटा घेतात. मी विहिरीच्या पाण्याने ३५ पर्यंत आणतो. मग पाण्याची नळी काढून मासे ठेवायच्या टाकीतला छोटा पंप बर्फाच्या पाण्यात सोडतो आणि तेच पाणी गुंडाळीतून फिरवत राहतो. पंप नसेल तर वर्ट जंतुनाशक लावलेल्या बादलीत भरून झाकण घट्ट लावा, बादली बर्फाच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी यीस्ट टाका. भांडी खरोखर स्वच्छ असतील तर आठ-दहा तासांत काही बिघडत नाही. घाईने ३२ वर टाकण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

बर्फ जेट्टीजवळच्या कारखान्यातून लादीने मिळतो आणि स्वस्त पडतो. तो मासळीसाठी असतो, पिण्यासाठी नाही. वर्टमध्ये त्याचा थेंबही जाऊ देऊ नका. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागली की आमच्या जवळचा कारखाना बंद होतो, म्हणून जून-जुलैसाठी फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या आधीच गोठवून ठेवाव्या लागतात.

महिना पाहून यीस्ट

लोक कृती निवडतात, कृतीत लिहिलेलं यीस्ट मागवतात आणि मग तापमानाशी भांडत बसतात. आपल्याकडे हा क्रम उलटा हवा. या महिन्यात माझ्या घरात बिअर किती अंशांवर राहू शकते हे आधी पाहायचं, त्याला झेपणारं यीस्ट घ्यायचं आणि त्या यीस्टला शोभेल ती बिअर करायची.

सॅफएल यूएस-०५ हे सगळ्यांच्या हाती पहिल्यांदा येणारं पाकीट. १८ ते २० वर ते अगदी स्वच्छ काम करतं, माल्ट आणि हॉप्स पुढे येऊ देतं. २२ पर्यंत मी चालवून घेतो. पाकिटावर यापेक्षा वरचा आकडा छापलेला दिसेल, पण तो यीस्ट काम करेल त्या पट्ट्याचा आहे, आणि तोही बिअरच्या तापमानाचा, खोलीच्या नाही. इंग्लिश धाटणीचं एस-०४ त्याहून हळवं. उष्णता चढली की त्याचा फळांचा वास हाताबाहेर जातो. मी ते २० च्या वर नेत नाही. नॉटिंगहॅमचंही तसंच, थंडीतलं चांगलं यीस्ट. यूएस-०५ डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत घमेल्यातल्या पाण्यात चालतं. बाकी दोन्ही, आणि एरवी तेही, फक्त फ्रिजमध्ये.

प्रमाणाकडेही लक्ष द्या. यूएस-०५ साठी उत्पादक १०० लिटरला ५० ते ८० ग्रॅम सांगतो, म्हणजे २० लिटरला १० ते १६. पाकीट साडेअकरा ग्रॅमचं असतं. कागदावर ते पुरतं, पण एप्रिलच्या उन्हात कुरिअरच्या गाडीतून चार दिवस तापून आलेल्या पाकिटातलं सगळं यीस्ट जिवंत नसतं. कमी यीस्टला वाढ जास्त करावी लागते, आणि जड अल्कोहोलं त्या वाढीतच तयार होतात. म्हणून उन्हाळ्यात मी दीड पाकीट टाकतो आणि वर्षभराची पाकिटं जानेवारीतच मागवून फ्रिजमध्ये ठेवतो.

आता मार्च ते मे आणि ऑक्टोबर. फ्रिज नसेल तर माझं उत्तर एकच आहे: क्वाइक.

पश्चिम नॉर्वेच्या बोलीत क्वाइक म्हणजे यीस्टच. तिथल्या शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या घरची बिअर करताना ते राखलं, आपल्याकडे विरजण राखतात तसं. एका घाण्याचं यीस्ट लाकडी कड्यांच्या माळेवर वाळवायचं, पुढच्या वेळी तेच वर्टमध्ये सोडायचं. आणि ते सोडायचे जवळजवळ अंगाच्या उबेइतक्या गरम वर्टमध्ये. इतक्या थंड देशातल्या लोकांनी इतकं उष्ण यीस्ट जपावं याचं मला अजून नवल वाटतं. नॉर्वेचे बिअर-अभ्यासक लार्स मारिउस गार्शोल यांनी गावोगाव फिरून ही पद्धत नोंदवली, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ही यीस्टं बाकीच्या बिअर यीस्टांहून वेगळा गट असल्याचं दिसलं. आपल्यासाठी महत्त्वाचं एवढंच की जिथं यूएस-०५ थिनर करतं तिथं हे यीस्ट शांतपणे काम करतं.

सुक्या पाकिटात सहज मिळतं ते लालब्रू व्हॉस. त्याचा पट्टा २५ ते ४० अंश आणि उत्पादक ३५ ते ४० ला सर्वोत्तम म्हणतो. म्हणजे विहिरीच्या पाण्याने वर्ट ३३ वर अडलं तर अडू दे, तिथंच यीस्ट टाका. बर्फ नको, पंप नको. मी पहिल्यांदा वापरलं तेव्हा सवयीने बादली घमेल्यात ठेवायला निघालो होतो. उलट करायचं असतं: जुनी गोधडी गुंडाळून ती ऊब धरून ठेवायची. मे महिन्यातल्या त्या घाण्यात बिअर ३७ वर गेली. चौथ्या दिवशी हायड्रोमीटरवर १.०११ होतं, पाचव्या आणि सहाव्या दिवशीही १.०११. वास संत्र्याच्या सालीचा, तोही हलका. घशात जळजळ अजिबात नाही. तीन वर्षं ज्या खोलीने माझे घाणे बिघडवले त्याच खोलीत, त्याच बादलीत ही बिअर झाली.

त्याच्याही खोडी आहेत. क्वाइकला खाऊ जास्त लागतो. १.०४५ च्या खालच्या हलक्या वर्टमध्ये आणि साखर घालून वाढवलेल्या वर्टमध्ये ते उपाशी राहतं, तेव्हा उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत यीस्टचं पोषणद्रव्य नक्की घाला. दुसरं, ऊब मध्येच गेली तर ते आळसावतं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात खोली एकदम २५ वर आली आणि माझा एक घाणा १.०२० वर अडकला. गोधडी घालून, बादली कोमट पाण्यात ठेवून ३३ वर नेला तेव्हा तो पुढे सरकला. म्हणून पावसाळ्यातही व्हॉस वापरता येतं, पण उघडं ठेवून नाही. तिसरं, तीन दिवसांत बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असं धरू नका. दोन दिवस हायड्रोमीटर एकच आकडा दाखवेल तेव्हाच बाटल्या भरा.

सेझॉन, म्हणजे बेल्जियन धाटणीची मसालेदार चवीची एल, हा दुसरा रस्ता. लालब्रू बेल सेझॉन १५ ते ३५ पर्यंत चालतं, मिरी-लवंगेसारखी चव देतं, आणि तळलेल्या बांगड्याबरोबर ती बिअर फार छान लागते. पण हे यीस्ट डायस्टॅटिकस जातीचं आहे, म्हणजे इतर यीस्ट ज्या लांब साखळीच्या साखरेला हात लावत नाहीत तीही ते हळूहळू तोडून खातं. बिअर १.००४ च्या खालीसुद्धा जाते. ती १.०१० वर असताना ‘झाली’ म्हणून बाटलीत भरली तर यीस्ट आत खातच राहतं आणि बाटली फुटते. काच उडते, हे गमतीवारी नेऊ नका. तीन आठवडे थांबा, आकडा स्थिर पाहा. आणि त्याच्या नळ्या, तोटी वेगळ्या ठेवा. प्लास्टिकच्या ओरखड्यात ते राहून गेलं तर पुढच्या यूएस-०५ च्या घाण्यालाही तेच करतं.

इंग्लिश बिटर किंवा नितळ अमेरिकन पेल एल मे महिन्यातच हवी असेल, तर यीस्ट बदलून ती मिळणार नाही. त्याला थंडावाच हवा.

थंडावा देण्याचे दोन मार्ग

जुना एकदारी फ्रिज आणि तापमान नियंत्रक हा मार्ग सगळ्यात खात्रीचा. फळ्या काढल्या की बादली बसते. नियंत्रकावर १८ लावा, एका अंशाचा फरक ठेवा आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी पाच मिनिटांची विश्रांती द्या, नाहीतर तो जळतो. प्रोब वर सांगितला तसा बादलीच्या अंगाला. तो फ्रिजच्या हवेत लोंबता ठेवला तर फ्रिज १८ वर आणि बिअर २२ वर, अशी पुन्हा तीच फसवणूक होते. खाऱ्या हवेने नियंत्रकाच्या जोडण्या गंजतात, मी दर पावसाळ्याआधी त्या उघडून साफ करतो. वीज गेली तर दार उघडू नका. आत दोन गोठवलेल्या बाटल्या ठेवल्या असतील तर चार-पाच तास निभावतात.

फ्रिजची सोय नसेल तर मासळीवाले वापरतात तो जाड भिंतीचा ७० लिटरचा आइस बॉक्स घ्या. बादली आत ठेवून भोवती २० लिटर पाणी घाला. एअरलॉकमुळे मूळ झाकण बसत नाही, त्याऐवजी थर्माकोलचा जाड पत्रा कापून मधे भोक पाडा. एक लिटरची गोठवलेली बाटली वितळून २० पर्यंत तापते तेव्हा हे ४० लिटर पाणी-बिअर सुमारे अडीच अंश खाली आणते. यावरून आपला हिशेब बांधता येतो. मला एप्रिलमध्ये सकाळी दोन आणि रात्री दोन बाटल्या लागतात, दुसऱ्या दिवशी जोर चढतो तेव्हा तीन-तीन. तीन दिवस एवढं सांभाळलं की बाटल्या कमी करा आणि बिअरला २२-२३ पर्यंत येऊ द्या. शेवटी थोडी ऊब हवीच असते, त्यात यीस्ट लोण्याच्या वासाचं डायअॅसिटिल परत खाऊन टाकतं. शेवटपर्यंत थंड ठेवून बाटली भरली की लोणी-टॉफीचा वास राहतो, आणि लोक पुन्हा यीस्टला नावं ठेवतात.

वास थिनरचा नसेल तर

सगळंच उष्णतेच्या माथी मारू नका. औषधपट्टीसारखा वास आला तर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तपासा. २० लिटरला चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घातलं की तो प्रश्न सुटतो. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बहुधा घाईने बाटली भरली. दह्यासारखी आंबट चव, वर पांढरी साय, म्हणजे बाहेरचे जंतू, इथं मात्र स्वच्छतेकडेच वळायचं. थिनरचा वास थंडीतल्या घाण्यालाही आला आणि शेवटचा आकडा अपेक्षेपेक्षा बराच खाली गेला, तर रानटी यीस्ट शिरलंय, बादली आणि नळ्या बदला.

आत्ता हे वाचताना एखाद्याची बादली ३३ वर उकळत असेल, तर पहिल्या बारा तासांत असाल तरच थंड करायच्या मागे लागा, आणि तेही दर काही तासांनी दोन-तीन अंश असं, २२ पर्यंत. एकदम बर्फात घातली तर यीस्ट दचकून तळाला बसतं. दोन दिवस होऊन गेले असतील तर तिला हात लावू नका, पूर्ण होऊ द्या, आठवड्याने चव घ्या आणि घशात जळजळ असेल तर ओतून टाका.

आणि पुढच्या घाण्याला मदत मागाल तेव्हा एवढे आकडे जवळ ठेवा: यीस्ट कोणतं आणि किती ग्रॅम, टाकताना वर्ट किती अंश, त्यानंतर १२, २४ आणि ४८ तासांनी बिअर किती अंश, सुरुवातीचा आणि शेवटचा हायड्रोमीटरचा आकडा. चव सांगितली नाहीत तरी या सात आकड्यांवरून बिघाड कुठे झाला ते बहुतेक वेळा सांगता येतं.